वाक्प्रचाराचे मूळ आणि त्याला चिकटलेली गोष्ट

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या घरात 'संक्रांत आली', 'विश्वास पानिपतात गेला', 'भाऊगर्दी', 'ध चा मा' हे शब्दप्रयोग वडीलधाऱ्यांच्या तोंडी सदैव असतात. मुले हिंदी माध्यमात शिकतात आणि प्रत्येक प्रयोगाचे कारण विचारतात. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तर जवळजवळ प्रत्येक वाक्प्रचारामागे एखादी लढाई नाहीतर वाड्यातले एखादे कारस्थान उभे केलेले असते. त्यातले खरे कोणते मानावे, हे आपणास हवे आहे. शिवाय, चांगले गुण मिळाल्यावर मुलगा 'माझा तर पोबारा झाला' असे म्हणाला आणि आजी हसू लागल्या, याचे कारणही आपण विचारले आहे. मराठी शिकवण्यात आणि जुने मोडी कागद वाचण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे मला जमणारे नाही.

मूळ शोधायला बसलो की मी सर्वांत आधी वाक्प्रचारातले क्रियापद पाहतो. नामे बदलतात, थट्टेने फिरवली जातात, पण क्रियापद बहुधा जुन्या कामाची खूण अंगावर बाळगून असते. बट्टा 'लागतो', घटका 'भरते', अक्षता 'लावतात', री 'ओढतात'. ही कामे रोजच्या व्यवहारात ज्यांच्या हातून होत होती, त्यांच्याच बोलण्यातून तो प्रयोग बाहेर आला असणार, असे धरून चालले की पुष्कळ वेळा वाट सापडते. त्यानंतर काळ पाहावा. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांनी १९४० च्या दशकात केवळ वाक्संप्रदायांसाठी दोन खंडांचा स्वतंत्र कोश सिद्ध केला. या कोशांत एखाद्या प्रयोगाचा त्या वेळचा अर्थ पाहिला, की आज सांगितली जाणारी कथा त्या अर्थाशी जुळते की नाही हे कळते. कथेकडे मी शेवटी वळतो. कथेत माणसे फार मोठी असतील, शेवट फार नाट्यमय असेल आणि क्रियापदाचा मात्र त्या प्रसंगाशी काही संबंध नसेल, तर ती कथा मागाहून चिकटवलेली आहे असे समजण्यास हरकत नसते.

हीच कसोटी प्रथम आपल्या संक्रांतीला लावू. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली आणि तेव्हापासून 'संक्रांत येणे', 'संक्रांत कोसळणे' हे प्रयोग रूढ झाले, असे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितले जाते की त्यावर कोणी शंका घेत नाही. लढाईचा दिवस बरोबर आहे. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. संक्रांत मात्र त्या दिवशी नव्हती. संक्रांत हा तिथीने नव्हे तर सूर्याच्या राशिप्रवेशाने ठरणारा दिवस आहे, आणि नक्षत्रांवरून मोजलेले सौरवर्ष हे ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे इंग्रजी दिनदर्शिकेत संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. आज आपण १४ किंवा १५ जानेवारीला तीळगूळ वाटतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर हा सण १० जानेवारीच्या सुमारास येत असे. म्हणजे भाऊसाहेबांच्या उपाशी छावणीतली संक्रांत लढाईच्या चारएक दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांतीच्या दिवशीच घडलेली लढाई हवी असेल, तर ती पानिपतच्या आदल्या वर्षीची, १० जानेवारी १७६० ची, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावरची आहे, आणि तीत पडलेला सेनापती आपल्या ग्वाल्हेरकरांच्या अगदी घरचा, दत्ताजी शिंदे. 'बचेंगे तो और भी लडेंगे' हे परंपरेने त्यांच्या तोंडी असलेले उत्तर मराठी माणूस अजूनही हिंदीतच म्हणतो, त्याचे कोणी भाषांतर करीत नाही, याकडे आपल्या मुलांचे लक्ष जरूर वेधावे.

मग 'संक्रांत येणे' आले कुठून? माझ्या मते ते पंचांगातून आले. जुन्या पंचांगात दरवर्षी संक्रांतीचे वर्णन दिलेले असते: ही देवता यंदा कोणत्या वाहनावर बसली आहे, उपवाहन कोणते, वस्त्र कोणत्या रंगाचे, हातात शस्त्र कोणते, काय भक्षण करते आहे, कोणत्या दिशेकडून येऊन कोणत्या दिशेला चालली आहे आणि दृष्टी कोणीकडे आहे. तिने जे पांघरले, जे खाल्ले, ते त्या वर्षी महागणार किंवा नष्ट होणार, आणि तिची दृष्टी ज्या दिशेकडे, तिकडच्या लोकांचे काही खरे नाही, असा त्याचा अर्थ घरोघर लावला जात असे. पिवळे वस्त्र असले की बायका हळदीच्या आणि सोन्याच्या काळजीत पडत. आता प्रयोगाची घडण पाहावी. आपण 'अमक्यावर संक्रांत आली' असे म्हणतो. येणारी कोणी एक आहे आणि तिचा रोख कोणावर तरी आहे. ही रचना पंचांगातल्या देवतेशी तंतोतंत जुळते, लढाईशी जुळत नाही. पानिपतच्या लढाईतल्या सर्वनाशासाठी भाषेने 'पानिपत होणे' हा सरळ प्रयोग केव्हाच करून ठेवलेला आहे, त्यामुळे त्याच अर्थासाठी आडवळणाने संक्रांतीकडे जाण्याची गरजही नव्हती.

पानिपताच्या खऱ्या खुणा इतरत्र आहेत आणि त्या अधिक बोलक्या आहेत. 'भाऊगर्दी' हा शब्द आज आपण उमेदवारांच्या किंवा वाहनांच्या खेचाखेचीसाठी वापरतो आणि त्यातला 'भाऊ' कोण हे विसरतो. तो सदाशिवराव भाऊ. या शब्दातल्या 'गर्दी'चा अर्थ मात्र आजचा नाही. बखरींच्या भाषेत गर्दी म्हणजे दंगल, धुमश्चक्री, दाणादाण. 'गर्दीस मिळवणे' म्हणजे धुळीस मिळवणे, आणि फारशीत 'गर्द' म्हणजे धूळच. तेव्हा भाऊगर्दी म्हणजे भाऊंच्या सैन्याची उडालेली दाणादाण. लढणाऱ्यांच्या बरोबर यात्रेकरू, बायका-मुले, बाजारबुणगे असा प्रचंड लोंढा त्या छावणीत होता, त्यामुळे दाणादाणीचा शब्द पुढे नुसत्या अस्ताव्यस्त जमावासाठी वापरला जाऊ लागला, हे अर्थांतर सहज समजण्यासारखे आहे. या गर्दीशी 'गारदी' या शब्दाचा घोटाळा करू नये. तो फ्रेंचांच्या धर्तीवर कवायत शिकलेल्या पायदळाच्या शिपायाचा शब्द, इब्राहिमखान गारदी यांच्या नावातला.

पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत माळव्यात मिळाली, ती सावकारी सांकेतिक भाषेत: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणना नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत ते सारे. खुर्दा हा चिल्लरीचा शब्द आहे, रुपया मोडून मिळतो तो खुर्दा, आणि 'खुर्दा उडणे' म्हणजे तुकडे तुकडे होणे हा प्रयोग त्यातूनच आलेला आहे. 'विश्वास ठेवा' असे कोणी म्हटले की 'विश्वास तर पानिपतात गेला' असे उत्तर देण्याची आपल्या आजींची पद्धत हा नावावरचा श्लेष आहे. मला तो नेहमी विलक्षण वाटत आला आहे, कारण गोळी लागून पडलेल्या कोवळ्या मुलाच्या नावावर विनोद करणे ही गोष्ट ज्यांच्या घरची माणसे त्या रणात राहिली त्यांच्याच तोंडी शोभते.

'ध चा मा करणे' याची कथा सर्वांस ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांच्या पत्रातल्या 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, असे म्हणतात. खून खरा, सुमेरसिंग गारदी खरा, आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवले हेही खरे. मात्र असे खाडाखोड केलेले पत्र अभ्यासकांच्या हाती नाही. पुतण्याच्या खुनाचा ठपका काकांच्या हातून काढून काकूंच्या लेखणीवर ठेवण्याची सोय या कथेत आहे, आणि ती सोय पुष्कळांना आवडली असावी, असे माझे मत आहे. प्रयोगाचा अर्थ मात्र त्यामुळे बदलत नाही. लिहिलेल्या मजकुरात स्वार्थासाठी केलेला लहानसा, पण सगळा आशय फिरवणारा बदल, एवढाच त्याचा नेमका अर्थ. नुसत्या टंकनाच्या चुकीला 'ध चा मा' म्हणू नये.

'अटकेपार झेंडा लावणे' याला मात्र कथेची जोड लागत नाही, तिथे इतिहासच आहे. १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरास पोचले आणि पुढे सिंधूवरच्या अटक किल्ल्यापर्यंत व त्यापलीकडे तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांच्या तुकड्या गेल्या. दादा स्वतः अटकेपार गेले नाहीत, तरी श्रेय त्यांच्या नावावर जमा झाले. सेनापतींच्या बाबतीत असे होतेच.

राजकारण सोडून आपण पेढीवर आलो, की जमीन अधिक घट्ट लागते. माझ्या अनुभवाने मराठीतले सर्वांत नेमके वाक्प्रचार सराफ, सावकार आणि कारकून यांनी दिलेले आहेत, आणि त्यांच्याविषयी मोबाइलवर कोणी काही लिहीत नाही, याचे मला वाईट वाटते. 'नावाला बट्टा लागणे' हा प्रयोग घ्या. मराठेशाहीत एकाच नाण्याचे राज्य नव्हते. चांदवडी, अंकुशी, उज्जैनचा, ग्वाल्हेरचा असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. परगावचा किंवा झिजलेला रुपया सराफाकडे नेला, की तो हातावर तोलून, दगडावर वाजवून, त्याच्या दर्शनी किमतीतून काही कापून घेत असे. ही कपात म्हणजे बट्टा. रुपया रुपयाच राहतो, चांदी खोटी ठरत नाही, पण तो पूर्ण किमतीला चालत नाही. नावाला बट्टा लागणे म्हणजे नेमके हेच: माणूस तोच, घराणे तेच, पण बाजारात त्या नावाची पूर्ण किंमत आता कोणी देत नाही. 'कलंक लागणे' हा प्रयोग याचा समानार्थी म्हणून शाळेत शिकवतात, तो ढोबळमानाने ठीक आहे. परंतु कलंक हा डाग आहे आणि बट्टा ही कपात आहे, हा बारकावा मुलांना सांगितला तर ते दोन्ही प्रयोग योग्य ठिकाणी वापरतील. याच सराफाच्या दगडावरून 'नाणे खणखणीत असणे' आले. हिणकस नाणे बद्द वाजते. लष्करच्या सराफा बाजारात आता काट्यांवर आकडे उमटतात, दगडावर रुपया वाजवणारा कोणी उरलेला नाही, पण माणसाविषयी बोलताना आपण त्याचे नाणे अजून वाजवूनच पाहतो.

पेढीवरचाच दुसरा प्रयोग 'अक्कलखाती जमा करणे' हा. खतावणीत प्रत्येक रकमेला कोणाचे तरी खाते लागते. पैसे गेले असतील तर ते कोणाच्या तरी नावे पडले पाहिजेत, नाहीतर मेळ बसत नाही. आता मूर्खपणाने गेलेली रक्कम कोणाच्या नावे घालणार? म्हणून एक काल्पनिक खाते उघडले, अकलेचे; पैसे गेले, पण तेवढी अक्कल विकत घेतली, असा जमाखर्च मिटवला. कोण्या एका कारकुनाची ही थट्टा असावी आणि ती सगळ्या मराठी मुलखाने उचलली. हिंदीत यासाठी 'बट्टे खाते में डालना' म्हणतात, त्यात बुडीत धरण्याचा कोरडेपणा आहे, अकलेची कोपरखळी नाही. 'दिवाळे निघणे' याविषयी अशी जुनी चाल सांगतात की देणी भागवणे अशक्य झालेला पेढीवाला दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून ठेवत असे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काय ते समजावे. 'सोळा आणे खरे' हा प्रयोग १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यानंतरही टिकला. 'शंभर नवे पैसे खरे' असे कोणी म्हणू लागले नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला यांतही एकूण बेरीज पूर्ण रुपयाचीच होते, हे मुलांना आकडेमोड करून पाहू द्यावे.

आकड्यांचाच विषय निघाला आहे तर 'औट घटकेचे राज्य' पाहू, कारण यात बहुतेकांचा 'औट' या शब्दापाशी घोटाळा होतो. क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना हा इंग्रजी शब्द वाटतो; वास्तविक औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्याबरोबर औटकीचाही पाढा जुन्या शाळेत घोकून घेत असत. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, साठ घटकांचा एक अहोरात्र. साडेतीन घटका म्हणजे एक तास चोवीस मिनिटे. तेवढा वेळ ज्याचे राज्य चालले तो औट घटकेचा राजा. घटका मोजण्याचे साधन लग्नघरात आपण अजून क्वचित पाहतो: पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडतात, छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते, वाटी जड होत जाते, काठ पाण्याच्या पातळीला येतो आणि मग ती एकदम बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. 'त्याची घटका भरली' या प्रयोगात आयुष्य संपण्याचा अर्थ कसा आला, हे वाटी बुडताना पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

घरातल्या विधींनी दिलेले प्रयोगही असेच उघडे आहेत, फक्त विधी विसरले गेल्यामुळे ते गूढ वाटू लागले आहेत. मूल जन्मल्यानंतर पाचव्या दिवशी पाचवीची पूजा होते, सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते असे मानून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. जे पाचवीच्या दिवशीच पुजले गेले ते जन्मभर पाठ सोडणार नाही, म्हणून 'दारिद्र्य पाचवीला पुजलेले'. येथे एक शिस्त पाळावी: हा प्रयोग सुखासाठी वापरत नाहीत. एका विद्यार्थ्याने 'यश त्याच्या पाचवीला पुजलेले होते' असे लिहिले होते; व्याकरण निर्दोष, पण मराठी कानाला ते सहन होत नाही. 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' म्हणजे साफ नकार देणे. अक्षता कुंकवाच्या ओलाव्याने कपाळाला चिकटतात, आमंत्रणाच्या आणि मानाच्या त्या खुणा. गोल वाटाणा कपाळावर टिकेल कसा? तोंडदेखला मान करायचा आणि हाती काही लागू द्यायचे नाही, असा त्यातला खोचकपणा आहे. 'नमनाला घडाभर तेल' हे रात्रीच्या खेळाचे वाक्य आहे. मशाली आणि पलिते तेलावर जळत, आणि गण-नमन लांबत गेले तर वगाला आरंभ होण्यापूर्वीच घडा रिकामा होई. सभेत पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्यांना हे वाक्य पाठ असावे.

आता आपल्या मुलाचा पोबारा. हा सारीपाटाचा शब्द. तीन लांबट फासे टाकायचे, दोन फाशांवर सहा-सहा म्हणजे बारा आणि तिसऱ्यावर एक म्हणजे पौ, असे दान पडले की ते 'पौ बारा', उत्तम दान. हिंदीने त्या दानातला लाभ घेतला, म्हणून 'पौ बारह होना' म्हणजे चांदी होणे, भाग्य उजळणे. मराठीने त्या दानावर सोंगटी जी एकदम लांब निघून जाते, ती चाल घेतली, म्हणून 'पोबारा करणे' म्हणजे हाती न लागता पळून जाणे. मूळ एकच, पट एकच, पण दोन भाषांचे डोळे पटावर वेगवेगळ्या जागी खिळले. मुलगा हिंदीच्या अर्थाने बोलला, आजींनी मराठीच्या अर्थाने ऐकले, आणि परीक्षेतून पळून गेलेला नातू त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असणार. दोघांचीही चूक नाही. फरक क्रियापदाचाही आहे: हिंदीत पौ बारह 'होते', मराठीत पोबारा 'करतात'. तेवढे एक लक्षात ठेवले तर गल्लत होणार नाही.

ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घरांत असे प्रसंग वारंवार येतात आणि त्याबद्दल मुलांना रागावण्यात अर्थ नाही. काही प्रयोग दोन्ही भाषांत जसेच्या तसे आहेत; नाचता येईना त्याचे अंगण दोन्हीकडे वाकडेच असते, आणि छत्तीसचा आकडाही दोन्हीकडे, कारण तो देवनागरीतल्या '३६' या आकृतीतून आला आहे, त्यातले दोन अंक एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. काही ठिकाणी अर्थ एक आणि चित्र निराळे: हिंदी चोराच्या दाढीत काडी अडकलेली असते, मराठी चोराच्या मनात चांदणे असते. क्वचित दिसणाऱ्या माणसाला हिंदीत 'ईद का चाँद' म्हणतात, मराठीत 'उंबराचे फूल', आणि हिंदीतही 'गूलर का फूल' आहेच. या उंबराच्या फुलाला वनस्पतिशास्त्राचा आधार आहे. उंबराला फुले येतात, पण ती आपण ज्याला फळ समजतो त्याच्या पोकळीत आतल्या बाजूने येतात, बाहेरून कधीच दिसत नाहीत. कोवळे उंबर फोडून भिंगाखाली धरले, तर ते दुर्मीळ फूल हवे तितक्या संख्येने पाहायला मिळते. ज्याने हा प्रयोग प्रथम केला त्याला हे ठाऊक असेल किंवा नसेल. प्रयोग मात्र अचूक बसला आहे.

'नाकी नऊ येणे' याविषयी आपण वेगळे विचारलेले नाही, पण कोणीतरी लवकरच विचारील. गीतेत देहाला नऊ दारांचे पूर म्हटले आहे. त्या नवद्वारांतले सगळे बळ एका नाकाशी गोळा झाले, म्हणजे प्राण कंठाशी येण्याच्या पुढची पायरी, असा अर्थ लावतात, आणि तो क्रियापदाशी जुळतो. 'री ओढणे' याबाबत आपल्या या गाणाऱ्यांच्या गावात ऋषभाचा संबंध लावण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. शाहिराच्या मागे उभे राहून त्याच्या ओळीचा शेवट लांबवणारे झीलकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना 'ओढणे' हे क्रियापद तिथलेच आहे हे सांगावे लागू नये.

शेवटी, हीच कसोटी एका हिंदी म्हणीलाही लावून पाहावी, कारण ती आपल्याकडे मराठीतही सर्रास बोलतात: कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली. यातला गंगू म्हणजे कलचुरींचा गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्यांचा तैलप, दोघेही भोजाचे शत्रू, असे स्पष्टीकरण अलीकडे फार फिरते. गांगेयदेव भोजाचा समकालीन होता, हे ठीक. परंतु दुसरा तैलप ९९७ मध्ये वारला आणि भोजाची कारकीर्द सुरू झाली ती १०१० च्या सुमारास. तैलपाचे वैर होते ते भोजाच्या चुलत्याशी, मुंजाशी. शिवाय दोन बलाढ्य राजांची नावे जोडून एक गरीब तेली तयार करण्यापेक्षा, राजाच्या तुलनेला घाणा हाकणारा माणूस घेतला, हे समजायला सोपे नाही का? मराठीत याच अर्थाने 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' म्हणतात, आणि शामभट कोणत्या घराण्याचा राजा होता हे शोधायला अद्याप कोणी निघालेले नाही. आपल्या किल्ल्यावरच्या तेली का मंदिर या प्राचीन देवळाच्या नावाचेही असेच आहे. काही जण ते तेलंगणाशी जोडतात, काही तेलाच्या व्यापाऱ्यांशी. मुलांना घेऊन किल्ल्यावर जाल तेव्हा दोन्ही स्पष्टीकरणे ऐकवावीत आणि त्यांतले कोणते का पटते, हे त्यांनाच विचारावे.